राइट-क्लिकमधून ‘गिव्ह ॲक्सेस टू’ गायब झालंय? रजिस्ट्रीत शिरण्याआधी हे तपासा

जुलैचा शेवटचा आठवडा, रिटर्न भरायची घाई. सांगलीतल्या एका करसल्लागारांच्या ऑफिसातून फोन आला. तिथलं अकाउंट्सचं काम पाहणाऱ्या ताई बोलत होत्या, “दादा, झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेलं कॉम्प्युटरवर येईनाच. फोल्डर परत शेअर करावा म्हणून राइट-क्लिक केलं, तर बाकी सगळं दिसतंय, शेअरचं तेवढं नाही.”

चार कॉम्प्युटर, एक मोठं झेरॉक्स मशीन आणि एकच राउटर असं ते ऑफिस. पक्षकारांची पॅनकार्डं, बँकेची स्टेटमेंटं मशीनवर स्कॅन व्हायची आणि नेटवर्कवरून थेट ताईंच्या कॉम्प्युटरवरच्या ‘स्कॅन’ फोल्डरमध्ये पडायची. आठवडाभरापूर्वी कुणीतरी तो कॉम्प्युटर ‘फास्ट करून’ दिला होता. नवी एसएसडी टाकली, विंडोज नव्याने घातलं आणि वर ‘नको असलेल्या सर्व्हिसेस’, म्हणजे विंडोजची पडद्याआड चालणारी कामं, बंद केल्या.

ही शेवटची गोष्ट मला नंतर कळली. मी गेलो आणि शहाण्यासारखा सरळ रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही, उघडून बसलो. पाऊण तास कुठली ‘की’ (रजिस्ट्रीतला कप्पा) कुठे आहे ते ताडून पाहिलं आणि सगळ्या जागच्या जागी निघाल्या. दोष तिथे नव्हताच. विंडोजची ‘सर्व्हर’ नावाची सर्व्हिस बंद होती. ती चालू केली आणि ‘गिव्ह ॲक्सेस टू’, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर शेअर करायचा पर्याय, आपोआप परत आला. तेव्हापासून मी ठरलेल्या क्रमाने जातो. तोच क्रम इथे देतोय.

लेखात बटणांची, खिडक्यांची आणि कमांडची नावं देवनागरीत आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील आणि टाइपही तशीच करायची. ‘डॉट’ म्हटलं की टिंब, ‘तिरकी रेघ’ म्हटलं की प्रश्नचिन्हाच्या बटणावरची रेघ.

आधी खात्री करा की पर्याय खरंच गेलाय

निम्म्या वेळा पर्याय कुठेही गेलेला नसतो. त्याचं नाव किंवा जागा बदललेली असते आणि आपण जुन्या नावाने शोधत बसतो.

विंडोज ७ मध्ये तो ‘शेअर विथ’ होता. विंडोज १० मध्येही सुरुवातीला तेच नाव चाललं. ऑक्टोबर २०१७ च्या फॉल क्रिएटर्स अपडेटमध्ये, म्हणजे १७०९ आवृत्तीत, त्याचं ‘गिव्ह ॲक्सेस टू’ झालं. पुढच्या वर्षी १८०३ आवृत्तीत होमग्रुप (घरातल्या कॉम्प्युटरांमध्ये शेअरिंगची जुनी सोय) काढून टाकलं, त्यामुळे त्याच्या पोटातल्या होमग्रुपच्या दोन ओळीही गेल्या. ‘माझ्याकडे आधी चार पर्याय होते, आता दोनच दिसतात’ ही तक्रार त्यातली. ते दोन म्हणजे ‘रिमूव्ह ॲक्सेस’ आणि ‘स्पेसिफिक पीपल’. तेवढेच असायला हवेत.

विंडोज ११ मध्ये राइट-क्लिकचा मेन्यूच नवा आला आणि जुना मेन्यू ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे गेला. ‘गिव्ह ॲक्सेस टू’ तिथे असतं. फोल्डर निवडून शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबलं किंवा शिफ्ट दाबून राइट-क्लिक केलं की जुना मेन्यू थेट उघडतो. अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो आणि मला चहासुद्धा न घेता परतावं लागतं.

आणखी एक गोंधळ साध्या ‘शेअर’ शब्दाचा आहे. बाणाचं चित्र असलेलं ‘शेअर’ म्हणजे फाइल मेलने, ब्लूटूथने किंवा एखाद्या ॲपमधून पाठवणं. त्याचा नेटवर्कवरच्या शेअरिंगशी संबंध नाही. विंडोज १० मध्ये ते फाइलवर दिसतं, फोल्डरवर दिसत नाही. फोल्डर वनड्राइव्हमध्ये असेल तर वनड्राइव्हचं स्वतःचं ‘शेअर’ही मेन्यूत येतं. ते इंटरनेटवरची लिंक बनवतं. शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला फोल्डर द्यायचा असेल तर हे दोन्ही आपल्या कामाचे नाहीत.

काही जागी पर्याय नसणं बरोबरच असतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर तुम्ही झेड ड्राइव्ह म्हणून जोडून घेतला असेल तर तो इथून पुन्हा शेअर करता येत नाही. मूळ मशीनवर जाऊनच करावा लागतो. केबलने जोडलेल्या फोनमधला फोल्डर आणि झिप फाइलच्या आतला फोल्डर यांचंही तसंच. पूर्ण ड्राइव्हवर किंवा विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरवर राइट-क्लिक केलं तर फक्त ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ दिसतं, तोही बिघाड नाही.

म्हणून तपासणीसाठी डी ड्राइव्हवर एक नवा कोरा फोल्डर करा, ‘चाचणी’ असं काहीतरी नाव द्या आणि त्याच्यावर राइट-क्लिक करून पाहा. तिथेही पर्याय नसेल तर पुढे वाचा. डी ड्राइव्ह नसेल तर सी ड्राइव्हच्या मुळाशी केलात तरी चालेल. डेस्कटॉपवर मात्र करू नका, कारण शेवटी येईल.

दहा सेकंदांची परीक्षा

आता त्याच कोऱ्या फोल्डरवर राइट-क्लिक करून सगळ्यात खालचं ‘प्रॉपर्टीज’ उघडा. वरती टॅब दिसतील: जनरल, शेअरिंग, सिक्युरिटी वगैरे. पाहायचं एवढंच, की ‘शेअरिंग’ टॅब आहे की नाही.

टॅब आहे पण मेन्यूत पर्याय नाही, तर शेअरिंगची यंत्रणा बहुधा धडधाकट आहे आणि फक्त मेन्यूतली नोंद गेली आहे. टॅबही नसेल तर दोष खोलवर आहे, बहुतेक वेळा सर्व्हिसमध्ये. मेन्यू म्हणजे दुकानावरची पाटी. आत दुकान चालू आहे का, हे या टॅबवरून कळतं. मी सांगलीत हे आधी पाहिलं असतं तर पाऊण तास वाचला असता, कारण तिथे टॅबही नव्हता.

दुसरी परीक्षा कमांडची. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, त्याच्यावर राइट-क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि काळ्या खिडकीत ‘नेट’, जागा, ‘शेअर’ असं टाइप करून एंटर दाबा. सगळं ठीक असेल तर एक छोटी यादी येते. तिच्यात सी डॉलर, आयपीसी डॉलर, ॲडमिन डॉलर अशी नावं असतील. ती विंडोजने स्वतःच्या कामासाठी ठेवलेली असतात. त्यांना पाहून घाबरू नका आणि ती काढूही नका.

यादीऐवजी ‘सर्व्हर सर्व्हिस सुरू नाही, सुरू करू का’ अशा अर्थाचा प्रश्न आला आणि शेवटी वाय किंवा एन विचारलं, तर चोर सापडला. वाय दाबून पाहा. सर्व्हिस नुसती थांबलेली असेल तर लगेच चालू होईल. कुणी ती पूर्ण बंद करून ठेवली असेल तर नकार मिळेल, मग पुढचा भाग करावा लागेल.

सर्व्हर सर्व्हिस चालू करणं

नाव ऐकून लोक बिचकतात. “आमच्याकडे सर्व्हर नाहीये हो, चार साधे पीसी आहेत,” असं ताईही म्हणाल्या होत्या. वेगळा सर्व्हर घ्यायचा नाहीये. प्रत्येक विंडोजमध्ये सर्व्हर नावाची सर्व्हिस असते आणि आपली फाइल किंवा प्रिंटर दुसऱ्याला द्यायचं काम ती करते. दुसऱ्याकडून घ्यायचं काम ‘वर्कस्टेशन’ नावाची सर्व्हिस करते. कॉम्प्युटर फास्ट करायच्या याद्यांमध्ये ‘घरच्या वापरात सर्व्हरची गरज नाही’ म्हणून पहिली सर्व्हिस बंद करायला सांगतात. वेगात फरक पडल्याचं मला आजवर जाणवलेलं नाही. शेअरिंग मात्र हमखास जातं.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. ‘रन’च्या चौकटीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ टाइप करून एंटर. लांबलचक यादी उघडते. तिच्यावर एकदा क्लिक करून एस दाबलं की एसपासूनची नावं समोर येतात. ‘सर्व्हर’ हे नाव एकटंच असतं, पुढेमागे काही नाही. त्याच्यावर डबल-क्लिक करा.

इथे एक बारीक अडचण आहे. ‘स्टार्टअप टाइप’ला ‘डिसेबल्ड’ असेल तर खालचं ‘स्टार्ट’ बटण राखाडी दिसतं, दाबलंच जात नाही. लोक त्या राखाडी बटणाकडे पाहून खिडकी बंद करतात. आधी स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करा, मग ‘अप्लाय’ दाबा. अप्लाय दाबल्यावरच ‘स्टार्ट’ला रंग येतो. मग स्टार्ट, मग ओके.

स्टार्ट दाबल्यावर १०६८ क्रमांकाची चूक दाखवली, तर सर्व्हर ज्यांच्या आधारावर उभी आहे त्यांपैकी कुणीतरी बंद आहे. त्याच खिडकीत ‘डिपेन्डन्सीज’ टॅब असतो, त्यात ती नावं दिसतात. त्यांत ‘सिक्युरिटी अकाउंट्स मॅनेजर’ असतं. तीही याच यादीत शोधून ऑटोमॅटिक करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करून पुन्हा पाहा. जाता जाता ‘वर्कस्टेशन’ही ऑटोमॅटिक आणि चालू आहे ना, ते बघून घ्या.

‘सर्व्हर’ हे नाव यादीतच नसेल तर नेटवर्कचा एक तुकडा काढून टाकलेला असू शकतो. रनमध्ये ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ टाइप करा. तुमचं चालू कनेक्शन, वायफाय किंवा इथरनेट जे असेल ते, राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. यादीत ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स’ असायला हवं आणि त्याच्यासमोर टिक हवी. ते नसेल तर ‘इन्स्टॉल’, मग ‘सर्व्हिस’, मग तेच नाव निवडा आणि रीस्टार्ट करा. नाव आहे पण टिक नाही, असं असेल तर मेन्यूत पर्याय दिसेल, शेअरही होईल, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्या कनेक्शनवाटे कुणी आत येऊ शकणार नाही. हा प्रकार माणसाला फार दमवतो, कारण सगळं बरोबर दिसत असतं.

एक किरकोळ शक्यताही सांगून ठेवतो. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी मोजक्याच गोष्टींवर चालू केलेला असेल, तर साध्या सेफ मोडमध्ये सर्व्हर सर्व्हिस सुरूच होत नाही. नेहमीसारखा चालू करा आणि मगच निष्कर्ष काढा.

टॅब आहे, पर्याय अर्धवट आहे

कधी कधी मेन्यूत ‘गिव्ह ॲक्सेस टू’ असतं, पण त्याच्या पोटात साध्या फोल्डरसाठीही फक्त ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ येतं. प्रॉपर्टीजमधल्या शेअरिंग टॅबवर पाहिलं तर वरचं ‘शेअर’ बटण राखाडी असतं आणि खालचं ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ चालतं. ही खूण दिसली की कारण जवळपास नक्की आहे, शेअरिंग विझार्डची टिक गेली आहे.

फाइल एक्सप्लोरर उघडा. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ आणि त्यातलं ‘ऑप्शन्स’, विंडोज ११ मध्ये वरचे तीन ठिपके आणि ‘ऑप्शन्स’. उघडलेल्या खिडकीत ‘व्ह्यू’ टॅबवर जा आणि यादी अगदी खालपर्यंत सरकवा. ‘यूज शेअरिंग विझार्ड’ सापडेल, पुढे ‘रेकमेंडेड’ असंही लिहिलेलं असतं. टिक करा, अप्लाय, ओके. टिक आधीपासून असेल तर एकदा काढून अप्लाय करा, पुन्हा लावून अप्लाय करा.

आता रजिस्ट्री, पण बेताने

टॅब आहे, सर्व्हिस चालू आहे, विझार्डची टिक आहे आणि तरी मेन्यूत ‘गिव्ह ॲक्सेस टू’ नाहीच, तर मेन्यूतली नोंद कुणीतरी काढली आहे. हे काम बहुतेक वेळा ‘क्लीनर’ जातीच्या सॉफ्टवेअरचं असतं किंवा राइट-क्लिकचा मेन्यू छोटा करण्याच्या नादात आपण स्वतःच केलेलं असतं. त्याचे दोन प्रकार आहेत: नोंद अडवलेली किंवा नोंद पुसलेली. आधी अडवलेली आहे का ते पाहायचं. अडवलेली असताना नोंद पुन्हा घालून काही उपयोग होत नाही.

सुरुवातीला स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा आणि एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर आत्ताच्या सेटिंग्जवर परत येता येईल. सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन ‘ऑफ’ असेल तर आधी ‘कॉन्फिगर’मधून चालू करावं लागेल. दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

मग रनमध्ये ‘रेजेडिट’. डावीकडच्या झाडात असं उतरत जा: ‘एचकी लोकल मशीन’, ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘करंटव्हर्जन’, ‘शेल एक्स्टेन्शन्स’ आणि त्यात ‘ब्लॉक्ड’. ब्लॉक्ड नावाची की नसेलच तर उत्तम, कुणी काही अडवलेलं नाही. असेल तर उजवीकडे महिरपी कंसातले लांब क्रमांक दिसतील. त्यात हा क्रमांक आहे का बघा:

एफ८१ई९०१०-६ईए४-११सीई-ए७एफएफ-००एए००३सीए९एफ६

अक्षरं अर्थातच स्क्रीनवर रोमन असतील. सगळा क्रमांक ताडत बसायची गरज नाही, सुरुवातीचे आठ आणि शेवटचे चार जुळले तरी ओळख पटते. हा शेअरिंगच्या मेन्यूचा ओळखक्रमांक आहे. त्याच्यामागे विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधली ‘एनटीएसएचआरयूआय’ नावाची डीएलएल फाइल काम करते. ब्लॉक्डमध्ये तो सापडला तर तेवढी एक ओळ राइट-क्लिक करून डिलीट करा. बाकीच्या ओळींना हात लावू नका, त्या कुणी कशासाठी ठेवल्यात आपल्याला माहीत नसतं. हीच ‘ब्लॉक्ड’ की ‘एचकी करंट यूजर’खाली त्याच वाटेवरही असू शकते, तिथेही डोकावा.

अडवलेली नसेल तर पुसलेली आहे का ते पाहू. त्याच रेजेडिटमध्ये: ‘एचकी क्लासेस रूट’, ‘डिरेक्टरी’, ‘शेलएक्स’, ‘कॉन्टेक्स्टमेन्यूहँडलर्स’. शेलएक्स म्हणजे शेल या शब्दाला जोडूनच ई आणि एक्स. कॉन्टेक्स्टमेन्यूहँडलर्सच्या पोटात ‘शेअरिंग’ नावाची की हवी आणि तिच्यावर क्लिक केल्यावर उजवीकडे ‘डीफॉल्ट’च्या समोर वरचाच क्रमांक महिरपी कंसात हवा. की नसेल किंवा क्रमांकाच्या जागी रिकामं असेल, तर हाच बिघाड.

हाताने की बनवून क्रमांक टाइप करता येतो. मी तसं करत नाही. छत्तीस चिन्हांत एक चुकलं की सगळं मुसळ केरात, आणि मेन्यूत तरीही काही न आल्यावर आपण भलत्याच दिशेला शोधत सुटतो. त्यापेक्षा शेजारच्या टेबलावर तीच विंडोज असलेला, पर्याय नीट दिसणारा कॉम्प्युटर असतो, त्याच्याकडून उसनं घ्यावं. आवृत्ती तीच आहे ना, हे पाहायला दोन्हीकडे रनमध्ये ‘विनव्हर’ टाइप करा.

चांगल्या कॉम्प्युटरवर रेजेडिट उघडून त्याच जागी जा. ‘शेअरिंग’ कीवर राइट-क्लिक, ‘एक्स्पोर्ट’, पेनड्राइव्हवर ‘शेअर१’ नावाने सेव्ह. अशीच की आणखी काही ठिकाणी असते. ‘डिरेक्टरी’च्या खालच्या ‘बॅकग्राउंड’मध्ये, म्हणजे फोल्डरच्या आत मोकळ्या जागी राइट-क्लिक केल्यावर दिसणाऱ्या मेन्यूसाठी. ‘ड्राइव्ह’मध्ये ड्राइव्हसाठी. आणि सगळ्यात वरच्या चांदणीच्या चिन्हाच्या कीमध्ये फाइलींसाठी. प्रत्येकात ‘शेलएक्स’, त्यात ‘कॉन्टेक्स्टमेन्यूहँडलर्स’, त्यात ‘शेअरिंग’. प्रॉपर्टीजमधला टॅबही गेला असेल आणि सर्व्हिस चालू असेल, तर ‘डिरेक्टरी’ आणि ‘ड्राइव्ह’मधल्या ‘प्रॉपर्टीशीटहँडलर्स’खालची ‘शेअरिंग’ हीसुद्धा घ्या. एकूण पाचसहा छोट्या फाइली होतील.

बिघडलेल्या कॉम्प्युटरवर त्या एकेक डबल-क्लिक करा आणि विचारेल तिथे ‘येस’ म्हणा. या फाइली साध्या मजकुराच्या असतात, नोटपॅडमध्ये उघडून आत काय आहे ते वाचता येतं. स्वतः एक्स्पोर्ट केलेली असली तरी एकदा वाचून पाहा. इंटरनेटवरून उतरवलेली अशी फाइल तर न वाचता कधीही चालवू नका, एका ‘येस’वर ती रजिस्ट्रीत काय वाटेल ते लिहू शकते.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा, राइट-क्लिक करून ‘रीस्टार्ट’. क्षणभर टास्कबार नाहीसा होऊन परत येईल. कोऱ्या ‘चाचणी’ फोल्डरवर पुन्हा राइट-क्लिक करून पाहा.

रजिस्ट्रीची भीतीच वाटत असेल तर नीरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर आहे. राइट-क्लिकमध्ये घुसलेल्या सगळ्या मंडळींची यादी ते दाखवतं. त्यात ‘शेल एक्स्टेन्शन्स फॉर शेअरिंग’ ही ओळ शोधा. ‘डिसेबल्ड’ असेल तर तिथूनच चालू करता येते.

एवढं करूनही हटत नसेल तर विंडोजच्या फाइलींमध्ये खोट असू शकते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या काळ्या खिडकीत ‘एसएफसी’, जागा, तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘स्कॅननाऊ’. जुन्या हार्डडिस्कवर याला बराच वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर

मोठ्या कंपनीचा, बँकेचा किंवा कॉलेजच्या लॅबचा कॉम्प्युटर असेल तर वरचं काही करण्याआधी तिथल्या सिस्टम ॲडमिनला विचारा. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे ॲडमिनने लावायच्या नियमांच्या यादीत, ‘प्रिव्हेंट यूजर्स फ्रॉम शेअरिंग फाइल्स विदिन देअर प्रोफाइल’ असा नियम असतो. तो लावलेला असेल तर स्वतःच्या प्रोफाइलमधले फोल्डर शेअर करता येत नाहीत. तिथे पर्याय हरवलेला नसतो, मुद्दाम काढलेला असतो. मशीन तुमचंच आणि प्रो आवृत्तीचं असेल तर रनमध्ये ‘जीपीएडिट डॉट एमएससी’, त्यात यूजर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनन्ट्स, नेटवर्क शेअरिंग, आणि तो नियम ‘नॉट कॉन्फिगर्ड’ करा. होम आवृत्तीत जीपीएडिट येत नाही.

पर्याय नाही, पण काम आज हवंय

ताईंच्या ऑफिसात दारात पक्षकार उभे होते. अशा वेळी मेन्यू दुरुस्त होईपर्यंत थांबायची गरज नाही. सर्व्हर सर्व्हिस चालू असेल तर मेन्यूशिवायही फोल्डर शेअर होतो. रनमध्ये ‘एफएसएमजीएमटी डॉट एमएससी’ टाइप करा. ‘शेअर्स’वर राइट-क्लिक करून ‘न्यू शेअर’ निवडलं की एक विझार्ड येतो. फोल्डर दाखवा, नाव द्या, कुणाला काय परवानगी ते ठरवा, संपलं. मेन्यूतला पर्याय काय किंवा हा विझार्ड काय, शेवटी काम त्याच सर्व्हिसला सांगतात.

पर्याय परत आला, तरी मशीन ‘फेल्ड’ म्हणतंय

सांगलीत इथे आणखी अर्धा तास गेला. पर्याय आला, फोल्डर शेअर झाला, झेरॉक्स मशीन मात्र लॉगिन फेल्ड दाखवत राहिलं. ताई रोज चार आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडायच्या आणि मशीनच्या सेटिंगमध्येही कुणीतरी तोच पिन घातला होता. पिन फक्त त्या कॉम्प्युटरपुरता असतो, नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पासवर्डच नसलेलं खातंही चालत नाही, कारण कोऱ्या पासवर्डने नेटवर्कवरून आत यायला विंडोज मुळात मनाई करतं.

यावर सरळ उपाय आहे. झेरॉक्स मशीनसाठी त्या कॉम्प्युटरवर एक वेगळं लोकल खातं करा, ‘स्कॅनर’ म्हणा, साधं स्टँडर्ड खातं, बऱ्यापैकी पासवर्ड देऊन. मग फोल्डरवर राइट-क्लिक, ‘गिव्ह ॲक्सेस टू’, ‘स्पेसिफिक पीपल’. वरच्या चौकटीच्या बाणातून ‘स्कॅनर’ निवडा, ‘ॲड’ करा, त्याच्या ओळीत ‘रीड’चं ‘रीड/राइट’ करा आणि ‘शेअर’ दाबा. मशीनमध्ये तेच नाव आणि तोच पासवर्ड भरा. सगळ्यांचा त्रास वाचावा म्हणून ‘एव्हरीवन’ला रीड/राइट देण्याचा मोह होतो. लोकांची पॅनकार्डं आणि बँकेची स्टेटमेंटं असलेल्या फोल्डरला तो देऊ नका.

नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर तेही बदला. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तुमचं कनेक्शन, आणि ‘प्रायव्हेट’. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ‘नेटवर्क’मध्ये तुमचं नाव दिसत नसेल तर सर्व्हिसेसच्या यादीत ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ऑटोमॅटिक करा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर ही तक्रार मी बऱ्याच ठिकाणी पाहिली. त्याच आवृत्तीपासून प्रो विंडोजमध्ये नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीला डिजिटल सही सक्तीची झाली आणि पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरणंही बंद झालं. जुनी मशीनं तिथे अडतात.

जुन्या मशीनसाठी हमखास एक सल्ला मिळतो, ‘एसएमबी १ चालू करा’. एसएमबी म्हणजे विंडोजची नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची पद्धत, १ ही तिची जुनी आवृत्ती. करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या एसएमबी १ मधल्या भगदाडातून. मशीनच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ निवडता येतं का पाहा, फर्मवेअरचा, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट मागा. तेही नसेल तर स्कॅन मेलवर किंवा थेट पेनड्राइव्हवर घ्या.

आता डेस्कटॉपवर शेअर करू नका म्हणालो होतो, त्याचं कारण. निघण्यापूर्वी सवयीने एफएसएमजीएमटी उघडून ‘शेअर्स’ची यादी पाहिली. ऑफिसातल्या दुसऱ्या एका कॉम्प्युटरवर ‘स्कॅन’ किंवा ‘टॅली’ असं काही नव्हतं, होतं ते ‘यूजर्स’. कुणीतरी डेस्कटॉपवरचा एक फोल्डर विझार्डने शेअर केला होता आणि अशा वेळी विंडोज त्या एका फोल्डरऐवजी सी ड्राइव्हवरचा अख्खा ‘यूजर्स’ फोल्डर नेटवर्कवर मांडतं. आतले बाकीचे फोल्डर परवानगीने अडलेले असतात हे खरं, पण एक परवानगी चुकली की घर उघडं. ‘यूजर्स’वर राइट-क्लिक करून ‘स्टॉप शेअरिंग’ केलं, तो फोल्डर डी ड्राइव्हवर हलवला आणि तिथून नव्याने शेअर केला. तोवर ताईंनी झेरॉक्स मशीनच्या काचेवर एक पॅनकार्ड उपडं ठेवून हिरवं बटण दाबलं होतं.